‘जरा सावकाश बोलाल का?’ हे डचमध्येच विचारायला हवं

नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. सायकल जुनी घे, कुलूप मात्र भारी घे. पावसाचं जॅकेट वर्षभर दाराशी अडकवून ठेव. घरभाड्याचा करार नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस. हे सगळं अनुभवातून आलेलं असतं आणि बहुतेक खरंही असतं. पण याच मायेने आणखी एक सल्ला दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. ‘डच शिकायचंय ना? मग शीक. पण समोरच्याला हळू बोला असं सांगत बसू नकोस. ऐकत राहा, मान डोलावत राहा. कान आपोआप तयार होतो.’

आइंडहोवन असो, आम्स्टलफेन असो की द हेग, मराठी घरांत हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की नवखा माणूस त्यावर प्रश्नच विचारत नाही. देणाऱ्यांकडे कारणंही तयार असतात. हळू बोलायला सांगणं उद्धटपणाचं दिसतं. शिवाय आपली अडचण उघड झाली की डच माणूस लगेच इंग्रजीवर जातो, आणि मग डचचा सराव तिथेच संपतो. आणि सगळ्यांत शहाणपणाचं वाटणारं कारण म्हणजे सावकाश बोललेलं डच हे खरं डच नव्हेच; रस्त्यावरच्या वेगाला कान सरावायचा असेल तर पहिल्या दिवसापासून तोच वेग झेलला पाहिजे.

यातलं एकही कारण मला पटत नाही. सावकाश बोलण्याची विनंती, आणि तीही डचमध्ये केलेली, हे शिकणाऱ्याच्या हातातलं सगळ्यांत कामाचं हत्यार आहे. ते वापरू नका असं सांगणारा माणूस नवख्याचं नुकसान करतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

आधी मान डोलावण्याची किंमत पाहू. त्या देशात अंगात ताप भरला म्हणून थेट दवाखान्यात जाऊन बाकावर बसता येत नाही. आपलं नाव जिथे नोंदवलेलं असतं त्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, आधी फोन करायचा. फोन उचलते ती डॉक्टरची सहायक. ती चार प्रश्न विचारते, दुखणं किती तातडीचं आहे याचा अंदाज घेते, आज बोलवायचं की परवा हे ठरवते आणि वेळ सांगते. समजा ती म्हणाली, ‘तीन फोर हाल्फ द्री.’ मराठी कानाला पहिल्यांदा ऐकू येतं ते आपलं ‘तीन’. मग इंग्रजीतल्यासारखा ‘फोर’, मग ‘हाफ’, मग जवळजवळ ‘थ्री’. प्रत्यक्षात डच ‘तीन’ म्हणजे दहा, ‘फोर’ म्हणजे आधी, आणि ‘हाल्फ द्री’ म्हणजे अडीच, कारण डच माणूस अर्धा तास पुढच्या तासाच्या नावाने मोजतो. तेव्हा अर्थ झाला अडीचला दहा कमी, दोन वाजून वीस मिनिटं. हे चार शब्द फोनवर डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जातात. इंग्रजीच्या सवयीने ‘हाल्फ द्री’चे साडेतीन केले तर आजारी माणूस तासाभराने उशिरा पोचतो, आणि त्याची वेळ तोवर गेलेली असते.

दुसरं उदाहरण यापेक्षा घातक आहे. डचमधली कित्येक क्रियापदं तुटतात आणि त्यांचा एक तुकडा वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसतो. ‘दान झेख इक द आफस्प्राक फान दिन्सदाख आफ’ हे वाक्य घ्या. शेवटचा ‘आफ’ निसटला तर शिकणाऱ्याला एवढंच कळतं की बाई मंगळवारच्या अपॉइंटमेंटबद्दल काही सांगताहेत. तो समाधानाने ‘हो’ म्हणतो. बाईंनी सांगितलेलं असतं की मंगळवारची अपॉइंटमेंट मी रद्द करते. सगळा अर्थ त्या शेवटच्या आखूड अक्षरात होता, आणि घाईच्या बोलण्यात नेमकं तेच गिळलं जातं. मान डोलावणाऱ्याला इथे कान तयार झाल्याचं समाधान तरी काय मिळालं? त्याने चुकीचं ऐकलं, चुकीला होकार दिला, आणि आपण चुकलो हेही त्याला कळलं नाही. चूक कळलीच नाही तर त्यातून शिकणार काय?

खरं तर मराठी माणसाला डच ऐकताना दोन गोष्टी आयत्या मिळतात. एक म्हणजे क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय. आपलं वाक्यच तसं असतं. डचमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं तेव्हा इंग्रज गोंधळतो, आपल्याला ते ओळखीचं वाटायला हवं. दुसरी म्हणजे आकडे. डच माणूस पंचेचाळीस म्हणताना ‘फेइफ-एन-फेरतख’ म्हणतो, आधी पाच आणि मग चाळीस, अगदी आपल्या पंचेचाळीससारखंच. पण आपण डच ऐकतो ते इंग्रजीच्या मार्गाने, मनात ‘फॉर्टी फाइव्ह’ करत, आणि या दोन्ही सोयी वाया घालवतो. बोलणाऱ्याने थोडी उसंत दिली तर मराठी कान आपोआप आपल्या वाटेवर येतो. उसंत मात्र मागावी लागते.

आता उद्धटपणाचं पाहू. हा संकोच कुठून येतो ते मला ठाऊक आहे. मोठ्या माणसाचं बोलणं मध्ये तोडू नये, गुरुजी शिकवत असताना ‘कळलं नाही’ म्हणून हात वर करू नये, चारचौघांत आपलं अज्ञान दाखवू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. ते संस्कार आपण तिथल्या फार्मसीच्या खिडकीपर्यंत घेऊन जातो. पण ज्या मोजपट्टीने तिथे परक्याचं डच मोजलं जातं तिच्यातच सावकाश बोलण्याची अट लिहिलेली आहे. युरोप परिषदेने 2001 साली भाषेच्या पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. ए-1, ए-2, बी-1 ही नावं तिथूनच आली आणि नेदरलँड्समधल्या परीक्षा याच पातळ्यांवर बेतलेल्या आहेत. त्या चौकटीत ए-1 पातळीच्या माणसाचं वर्णन असं आहे की समोरचा सावकाश, स्पष्ट बोलला आणि मदत करायला तयार असला तर हा माणूस साधा संवाद साधू शकतो. बी-1 पातळीवरसुद्धा रेडिओ-टीव्हीवरचे कार्यक्रम कळण्यासाठी बोलणं तुलनेने सावकाश आणि स्पष्ट असावं, असं धरलेलं आहे. एवढंच नाही, न कळलेलं पुन्हा सांगायची विनंती करता येणं ही त्याच चौकटीत एक स्वतंत्र क्षमता म्हणून नोंदली आहे. म्हणजे ‘जरा सावकाश’ म्हणणारा माणूस अभ्यासक्रमाच्या आतलंच एक कौशल्य वापरत असतो, आणि ते वापरू नका असं आपण त्याला सांगतो.

हेही मान्य करतो की ही विनंती उद्धटपणे करता येते, आणि काही जण तशी करतातही. याला कारणीभूत आहे दुसरी एक ठाम समजूत: ‘डच लोक तोंडावर बोलणारे आहेत, आपणही तसंच बोलावं.’ डच माणूस मत स्पष्ट सांगतो हे खरं. पण अनोळखी माणसाकडे काही मागताना तोही शब्द मऊ करूनच बोलतो. नुसतं ‘लांगझाम!’ म्हणणं म्हणजे रिक्षावाल्याला ‘हळू!’ म्हणून ओरडण्यासारखं आहे. म्हणायचं असतं ते असं: ‘इक लेर नॉख नेडरलांट्स. झाउ उ ईट्स लांगझामर विलन प्रातन?’ मी अजून डच शिकतोय, आपण किंचित सावकाश बोलाल का? यात ‘झाउ’ने विनंतीला अदब येते, ‘ईट्स’ने मागणं लहान होतं, आणि ‘उ’ हे आपलं ‘आपण’. डॉक्टरच्या सहायिकेशी, नगरपालिकेच्या खिडकीवर, वयस्क शेजाऱ्याशी ‘उ’च योग्य. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला ‘उ’ म्हटलं तर त्याला अवघडल्यासारखं होईल. तिथे साहेबालाही बहुतेक ठिकाणी ‘ये’ म्हणतात, म्हणून ‘कुन ये वात लांगझामर प्रातन?’ पुरे. हा फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यात अख्खं आयुष्य काढलेली माणसं आपण.

इंग्रजीचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे, कारण त्यामागे अनेकांचा खरा वैताग आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांच्या इंग्रजी येण्याच्या जागतिक क्रमवारीत नेदरलँड्स गेली काही वर्षं सातत्याने पहिल्या नंबरवर आहे. तुम्ही बेकरीत डचमध्ये पाव मागता आणि मुलगी इंग्रजीत पैसे सांगते, हा अनुभव तिथल्या प्रत्येकाला येतो. मन खट्टू होतं हेही खरं. पण ती मुलगी इंग्रजीवर नेमकी कशामुळे गेली? तुम्ही विनंती केलीत म्हणून नव्हे. तिने काही विचारलं, तुमच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला, दोन सेकंद शांतता पसरली, मागे रांग होती, आणि तिने तुम्हाला सोपं जावं म्हणून भाषा बदलली. तिच्या दृष्टीने ती मदत होती. गप्प राहिल्याने इंग्रजी टळत नाही, उलट ओढवून घेतली जाते. इंग्रजीतून ‘स्लोली प्लीज’ म्हणणाऱ्याने तर स्वतःच दार उघडून दिलेलं असतं, मग समोरच्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

डचमध्ये केलेली विनंती मात्र एका दमात दोन गोष्टी सांगते: मला वेळ हवा आहे, आणि मला डचच हवं आहे. इंग्रजीवर जाणाऱ्या डच माणसाला बहुधा यातली दुसरी गोष्ट ठाऊकच नसते. त्याने गेली कित्येक वर्षं असे परदेशी पाहिलेले असतात जे चार-पाच वर्षं राहतात, इंग्रजीत काम करतात आणि निघून जातात. तुम्ही त्यांच्यातले नाही हे त्याने तुमच्या कपाळावर कसं वाचावं? तरीही तो इंग्रजीत बोललाच, तर ‘इक विल ग्राख नेडरलांट्स ऊफनन’, मला डचचा सराव करायचा आहे, एवढं म्हणून डचमध्येच उत्तर द्यावं. बहुतेक माणसं हसून परत वळतात. एखादा वळत नाही. त्याला घाई असते, किंवा त्याला स्वतःच्या इंग्रजीचा सराव हवा असतो. सोडून द्यावं. आणि छातीत कळ आली असेल, मूल तापाने फणफणलं असेल, तर सरळ इंग्रजीत बोलावं. तिथे सरावाचा हट्ट धरणं मूर्खपणा आहे. पण या अपवादांच्या आधारे रोजच्या व्यवहारासाठी नियम करायचा नसतो.

द हेगमध्ये याच्या उलट प्रकार घडतो, आणि सल्ला देणाऱ्यांच्या तो लक्षात आलेला दिसत नाही. तिथे सुरिनामी हिंदुस्तानी समाज मोठा आहे. 1873 साली ‘लाला रूख’ जहाजाने कलकत्त्याहून सुरिनामला नेलेल्या मजुरांपासून ज्यांचा इतिहास सुरू होतो, आणि सुरिनाम 1975 मध्ये स्वतंत्र झालं त्या सुमारास ज्यांच्यातले हजारो लोक नेदरलँड्सला आले, ते हे लोक. डच ही त्यांची रोजची भाषा आहे. त्यामुळे सातारा किंवा नाशिकहून महिन्यापूर्वी आलेल्या माणसाला तिथला भाजीवाला सुरिनामीच समजतो आणि भरधाव डचमध्ये सुरू होतो. इथे इंग्रजीवर जाण्याचा प्रश्नच नाही. इथे ‘अजून शिकतोय’ असं सांगितलं नाही तर समोरच्याला तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करताय असंही वाटू शकतं.

आता तिसरं कारण: सावकाश डच हे खरं डच नव्हे. हा युक्तिवाद करणारे लोक बहुधा स्वतः चांगलं डच बोलतात, म्हणून त्यांचं ऐकलं जातं. त्यांच्या म्हणण्यात खऱ्याचा अंश आहे. बोलताना डच माणूस शब्द फार आखडतो. पुस्तकातला ‘एइखनलक’, म्हणजे ‘खरं तर’, त्याच्या तोंडून नुसता ‘एइक’ होऊन बाहेर येतो. ‘नातूर्लक’, म्हणजे ‘अर्थात’, याचा ‘तूक’ होतो. पुस्तकात तीन अक्षरांचा असलेला शब्द बोलण्यात एका अक्षराचा झाला तर शिकणारा तो कसा ओळखणार? विरोधकांचं उत्तर असतं, ऐकून ऐकून.

पण डच लोक स्वतः तो कसा ओळखतात, यावर नायमेखनच्या विद्यापीठात काम झालेलं आहे. मिरयाम एर्नेस्टुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नेहमीच्या गप्पांमधून असे आखडलेले शब्द वेगळे कापून डच मातृभाषा असलेल्या माणसांनाच ऐकवले. शब्द एकटा ऐकवला तेव्हा फार आखडलेली रूपं त्यांनाही ओळखता येईनात. आजूबाजूचं पूर्ण वाक्य ऐकवलं तेव्हा मात्र सहज ओळखली. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘एइक’ कळतो तो डच माणसाचा कान तीक्ष्ण आहे म्हणून नव्हे, तर बाकीचं वाक्य त्याला आधीच कळलेलं असतं म्हणून. शिकणाऱ्यापाशी नेमकं तेच नसतं. त्याला मागचा शब्द धूसर, पुढचाही धूसर, आणि मधला तर गिळलेलाच. असा माणूस हजार वेळा ‘एइक’ ऐकून काय जोडणार, आणि कशाशी? त्याच्यासाठी बोलणाऱ्याने गती कमी केली की शब्दांना त्यांची गमावलेली अक्षरं परत मिळतात, दोन शब्दांमधली फट दिसू लागते, वाक्य हाती लागतं. मग त्याच वाक्यातला आखडलेला शब्द पुढच्या वेळी ओळखीचा वाटतो. सावकाश डच हा भरधाव डचकडे जाणारा रस्ता आहे. तो रस्ता वगळून पोचा असं सांगणाऱ्यांनी पोचायचं कसं हेही सांगावं.

आणि ‘खरा वेग’ म्हणजे कुणाचा वेग? योहान व्हरहूवन, खी दे पाउ आणि हान्ने क्लोट्स यांनी 2004 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या 160 जणांच्या संभाषणांचा वेग मोजला. नेदरलँड्समधली माणसं बेल्जियममधल्या डचभाषकांपेक्षा 16 टक्के वेगाने बोलत होती. पुरुष बायकांपेक्षा 6 टक्के, तरुण वयस्कांपेक्षा 5 टक्के वेगाने. मग अँटवर्पच्या आजीबाईंचं डच खोटं म्हणायचं का? एकाच भाषेत, प्रमाण बोलीतसुद्धा, वेगाचा एवढा पल्ला आहे. आपल्या विनंतीने आम्स्टरडॅमचा तरुण फार तर त्या पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला सरकेल. डच ते डचच राहतं.

दुसरी भाषा माणूस कशी शिकतो याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल लाँग यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे मांडलं की नुसतं कानावर पडून भागत नाही. ‘कळलं नाही’, ‘म्हणजे?’, ‘पुन्हा सांगाल?’ अशी देवाणघेवाण होते आणि त्यामुळे समोरचा आपलं बोलणं जुळवून घेतो, तेव्हा भाषा आत शिरते. मान डोलावणारा माणूस ही देवाणघेवाणच बंद करतो.

एक धोका मात्र खरा आहे, आणि तो लपवणं योग्य नाही. ‘मला कळत नाही’ एवढंच म्हटलं तर समोरचा कधी कधी सावकाश बोलायच्या ऐवजी मोठ्याने बोलतो, किंवा व्याकरण मोडून तुकड्या-तुकड्यांत बोलू लागतो: तू उद्या येणे, तू कागद आणणे, अशा थाटाचं. आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेतले कर्मचारी परदेशी कामगारांशी असं मोडकं डच बोलतात, हे कॅथरीन स्नो, रूस फान एडन आणि पीटर म्युस्कन यांनी 1981 मध्येच नोंदवलं आहे. हे ऐकायला अपमानास्पद असतं आणि शिकायला निरुपयोगी. कारण शिकणारा तेच मोडकं डच उचलतो. म्हणूनच विनंती मोघम असून चालत नाही. आपल्याला सोपं नको, सावकाश हवं, हे शब्दांतून पोचलं पाहिजे. ‘कळलं नाही’ ही तक्रार आहे. ‘किंचित सावकाश बोलाल का’ हा उपाय आहे, आणि तो ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचं ते सांगतो. फोनवर तो पाचव्या मिनिटाला नव्हे तर पहिल्याच वाक्यात सांगावा. दोन मिनिटांत समोरचा विसरून पुन्हा जुन्या वेगाला लागतो, ते साहजिक आहे. तेव्हा न कचरता पुन्हा सांगावं. आणि शेवटी जे ऐकलं ते स्वतः डचमध्ये म्हणून दाखवावं: म्हणजे मंगळवारी, दोन वीसला, बरोबर? एवढं केलं तर वर सांगितलेली अपॉइंटमेंट चुकणार नाही आणि रद्द झालेली लक्षात येईल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असंही विचारणारे भेटतात. फेल्डहोवनमधल्या चिप यंत्रांच्या कारखान्यात आणि आम्स्टरडॅमच्या आयटी कंपन्यांत इंग्रजीत काम भागतं. उच्चकुशल कामगाराच्या परवान्यावर आलेल्यांवर भाषेची परीक्षा देण्याची सक्तीही नाही. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने इतर अनेक स्थलांतरितांसाठी अपेक्षा ए-2 वरून बी-1 वर नेली, पण हा वर्ग त्यातून बाहेर आहे. मला वाटतं, नेमकी हीच अडचण आहे. ज्याच्यावर सक्ती नाही त्याला कुणी शिकवणारही नाही. त्याचं डच त्याने स्वतः मागितलं तरच वाढणार, आणि मागायचं म्हणजे रस्त्यावर, दुकानात, शाळेच्या दारात समोरच्याकडून थोडा वेळ मागायचा.

शाळेच्या दारातच सगळ्यांत जास्त पणाला लागतं. तिथल्या प्राथमिक शाळांत वर्षातून काही वेळा पालक आणि शिक्षक यांची दहा मिनिटांची भेट असते. तिचं नावच दहा मिनिटांची भेट आहे. मूल साधारण बारा वर्षांचं होतं तेव्हा, ‘ख्रूप 8’ या शेवटच्या वर्गात, त्याने पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावं याचा सल्ला शाळा देते: व्यवसायाभिमुख व्हीएमबीओ, मधला हावो, की विद्यापीठाकडे नेणारा व्हीडब्ल्यूओ. त्या दहा मिनिटांत बाई काय म्हणाल्या हे आई-बापांना नेमकं कळलं नाही तर मुलाच्या बाजूने बोलायचं कुणी? आज कित्येक घरांत दुभाषा म्हणून मूलच बसतं. आपल्याबद्दलची तक्रार त्याने स्वतःच आईला भाषांतर करून सांगायची, ही परिस्थिती कुठल्याही मुलावर येऊ नये. आईने भेटीच्या सुरुवातीला एक वाक्य म्हटलं तर ती टळते. आणि ही आई बहुधा नवऱ्याच्या नोकरीमागून तिथे गेलेली असते, स्वतःची नोकरी मागे ठेवून. घराबाहेर तिला हक्काने बोलायला माणूस नसतो. तिला ‘मान डोलाव’ असा सल्ला देणं मला क्रूरपणाचं वाटतं.

सराव करायला जागा नाहीत असंही नाही. अनेक सार्वजनिक वाचनालयांत आठवड्यातून एकदा ‘तालकाफे’ भरतं, जिथे चहा-कॉफी घेत शिकणारे आणि डच स्वयंसेवक गप्पा मारतात. ‘हेत बेखिंट मेट ताल’ या राष्ट्रीय संस्थेच्या जाळ्यातून ठिकठिकाणी भाषेचे सोबती मिळतात. ही माणसं आपला वेळ सावकाश बोलण्यासाठीच देतात. त्यांना तशी विनंती केलेली आवडत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याने तिथे एकदा जाऊन बसावं.

आणि डच माणसाच्या इंग्रजीवर उडी मारण्याला नावं ठेवण्याआधी पुण्या-मुंबईकडेही पाहावं. बिहारहून आलेला सुतार किंवा चेन्नईहून आलेली बँकेतली मुलगी अडखळत मराठी बोलू लागली की आपणही चटकन हिंदीवर जातो, तेही तिला सोपं पडावं म्हणूनच. मग मराठी कुणी शिकत नाही अशी तक्रारही आपणच करतो. तिने ‘जरा सावकाश बोला ना’ म्हटलं तर आपल्याला राग येईल का? बहुतेकांना तर बरंच वाटेल. मग डच माणसाला राग येईल हे आपण कशावरून धरून चाललो आहोत?

तेव्हा नेदरलँड्समध्ये दहा-पंधरा वर्षं काढलेल्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. नव्याने आलेल्याला ‘ऐकत राहा, कान तयार होईल’ असं सांगणं थांबवा. गणपतीला, दिवाळीच्या फराळाला तो तुमच्या घरी येईल तेव्हा त्याला शेजारी बसवून ते एक वाक्य उच्चारासकट शिकवा, ‘उ’ कधी आणि ‘ये’ कधी ते सांगा, आणि डॉक्टरला करायचा पहिला फोन त्याला तुमच्या देखत, डचमध्ये करू द्या.